पाच लग्नांचे धवले

पनवेलमध्ये लिनक्स शिकवणारा मी एकटाच होतो आणि मला त्याचा माज होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको. उरण नाक्याजवळ एका झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर माझा क्लास होता. सहा कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर पेंग्विनचं पोस्टर. बाकीचे क्लासवाले चोरीचं विंडोज घालून टायपिंग शिकवायचे आणि त्यांच्याकडे बसायला जागा नसायची. लिनक्स फुकट मिळत असताना चोरी कशाला, म्हणून मी त्यांना नावं ठेवायचो. माझ्याकडे जागाच जागा होती.

दिपिका माझ्या त्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक. तिचे वडील हरेश न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचे आणि घर गव्हाण फाट्याच्या अलीकडच्या गावात. २००६च्या उन्हाळ्यात ती एकदा बोलता बोलता म्हणाली, "सर, माझी आजी धवलारीण आहे." मी शहरातला. मला वाटलं, गाणी म्हणत असेल. तेव्हा तिने मला समजावून सांगितलं. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंत्र म्हणतो, जेवून जातो. पण लग्न लावते ती धवलारीण. हळद कुटायची तर तिचं गाणं, म्हणजे धवला, नवरीला न्हाऊ घालायचं तर तिचा धवला. तिने गाऊन देवांना मांडवात बोलावल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. आणि हे सगळं कुठे लिहिलेलं नाही. आजीला ते तिच्या आईकडून आलं, आईला तिच्या आईकडून. आजीकडून पुढे कुणाकडेच गेलेलं नव्हतं, कारण सुनेला गळा नव्हता आणि नातीला वेळ.

"आपण रेकॉर्ड करू," मी म्हणालो. मला त्या आजीचं काही पडलेलं नव्हतं. नुकतीच एका मासिकाबरोबर फुकट सीडी आली होती आणि तिच्यात 'गानपेटी' नावाचा एक प्रोग्राम होता. कुठल्याशा कॉलेजातल्या मुलांनी खास लोकगीतं साठवण्यासाठी केलेला. तासन्‌तास आवाज घ्यायचा आणि इतक्या कमी जागेत बसवायचा की मी थक्क झालो होतो. तो मला कुठेतरी मिरवायचा होता.

दिपिकाची आजी, भामामावशी, तेव्हा बासष्टच्या असतील. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि आवाज असा की अंगणातून हाक मारली तर खाडीपलीकडचा वळून बघेल. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मास्तर, घे तुजे पेटीत. पन आसा बसून नाय म्हननार मी. लग्नान ये. मांडवान म्हनीन तवा घे."

"घरी म्हटलं तर आवाज स्वच्छ येईल, मावशी."

"आरं, धवला म्हंजे देवांना आवतान हाय. मांडव नसताना बोलावलं तं ते येतील आन् बगतील, लगीन नाय, नवरी नाय, कोनी नाय. फसवलं म्हनतील. मंग खऱ्या लग्नाला बोलावलं तं येतील का ते?" त्यांनी माझ्यापुढे बोट धरलं. "आन् तुजी पेटी पन तशीच. मांडवाभाईर वाजवाची नाय. कोनाला वाटाची पन नाय. ते डीजेवाले घेतील आन् दारू पिऊन नाचतील त्याव."

मी शब्द दिला. तेवढा एक शब्द मी आयुष्यात अगदी तंतोतंत पाळला.

त्या मोसमात पाच लग्नांना मी अख्खा कॉम्प्युटर टेम्पोत घालून नेला. मांडववाल्याकडून वीज घ्यायची, बाजेवर मॉनिटर ठेवायचा, मावशींच्या पदराला माइक अडकवायचा. एकदा भटजी वायरीत पाय अडकून नवरदेवाच्या अंगावर गेले. पोरं मला 'पेटीवाला भटजी' म्हणायला लागली. आणि मावशी गायच्या तेव्हा मी, ज्याला देवाधर्माचं काही नव्हतं, गुपचूप चप्पल काढून बसायचो. पाच लग्नं मिळून साडेअकरा तास झाले. एकही शब्द दुसऱ्यांदा आला नाही असं नव्हे, पण प्रत्येक लग्नात काहीतरी नवीन निघायचं. कुठल्या घरी विहीर आहे तर विहिरीच्या देवीचं, कुठल्या घरी बाप नाही तर बापाच्या नावाचं. पाचांत मिळून बहुधा सगळं आलं होतं. बहुधा म्हणतो, कारण ते परत कुणी ऐकलंच नाही. मांडवाबाहेर लावायचं नव्हतं ना.

पुढच्या दोन वर्षांत तो कॉम्प्युटर जळाला. पण हार्ड डिस्क शाबूत होती, ती मी काढून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. तोवर पोस्टाने उबुंटूच्या फुकट सीड्या यायला लागल्या होत्या. क्लासातली सगळी मशिनं मी उबुंटूवर नेली. जळालेल्या मशिनवर फेडोरा होतं, बाकीच्यांवर आता उबुंटू. दोन्ही लिनक्सच, भाऊ भाऊ, पण चुली वेगळ्या.

२००९च्या दिवाळीत भामामावशींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एक वाक्य तेवढं राहिलं: "बरा हाय." पाणी हवं का विचारलं तरी बरा हाय, दुखतंय का विचारलं तरी बरा हाय. रागावल्या तरी तेच, फक्त आवाज चढलेला. डॉक्टर म्हणाले, शब्द आतच कुठेतरी अडकलेत, बाहेर येत नाहीत. आणि समोरच्याचं बोलणं किती पोचतं तेही सांगता येत नाही.

पुढच्या मेमध्ये दिपिकाचं लग्न ठरलं. रविवारचा मुहूर्त. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी हरेश ट्रेलर बाहेर लावून क्लासात आले आणि स्टुलावर बसले.

"सर, ती पेटी चालू करा आता," ते म्हणाले. "जासईची धवलारीण हाय, पन तिला त्याच दिवशी दुसरं लगीन हाय. आन् दिपी बोलतंय, मना आजीचाच धवला पायजे. आईला रोज सांगतो, तुजा आवाज लावनार हाय मांडवान. ती आयकतं आन् हसतं. झटका आल्यापासून पयल्यांदा हसतंय, सर."

मी म्हणालो, "अर्ध्या तासाचं काम आहे."

आता ही अडचण काय होती ती सांगतो. गानपेटीतला आवाज फक्त गानपेटीच उघडू शकायची. आणि गानपेटी माझ्या सीडीवर होती ती फेडोराच्या पद्धतीने बांधलेली, आरपीएम. उबुंटूला लागतं डेब. हरेशना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं: माल तोच, कंटेनर तोच, पण कागद दुसऱ्या यार्डाचे. गेटवर आत घेत नाहीत. ते करणाऱ्या मुलांची वेबसाइट केव्हाच बंद पडली होती, त्यामुळे नवे कागद देणारं कुणी नव्हतं.

सरळ रस्ता होता. फेडोराची जुनी सीडी कपाटात होती. एक मशीन रिकामं करायचं, त्यावर ती बसवायची, दोन तास लागले असते, आणि गानपेटी पहिल्या दिवसासारखी उघडली असती. हे मला त्या दुपारी माहीत होतं. पण उबुंटूवर दुसऱ्याचं पॅकेज बसवण्यासाठी 'एलियन' नावाचं एक हत्यार मिळतं. आरपीएम घालायचं, डेब काढायचं. मी ते वर्गात शिकवत असे. आणि समोर स्टुलावर माणूस बसलेला, माझ्याकडे मांत्रिकाकडे बघावं तसा बघत होता.

जुनी डिस्क जोडली. गानपेटी आपली गाणी ज्या फोल्डरमध्ये शोधते, बरोबर त्याच जागी ती डिस्क आणून बसवली. यादी पाहिली: पाच फायली, पाच लग्नांच्या नावाच्या. हरेशना दाखवल्या. त्यांनी पडद्याला हात लावून तो हात कपाळाला लावला.

एलियनने डेब करून दिलं. बसलं. सुरू केलं तर म्हणालं, एक लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारी जोडफाईल, सापडत नाही. नवी आवृत्ती होती, तिलाच जुन्या नावाची पाटी लावली. हा जुगाड आहे, पण चालतो. चालला. मग गानपेटीची खिडकी उघडली आणि तिने सांगितलं की माझी मांडणी अजून झालेली नाही. म्हणजे पॅकेज बसल्यावर मागून आज्ञांची जी यादी, स्क्रिप्ट, चालते, ती चाललेली नव्हती. एलियन त्या स्क्रिप्ट मुद्दाम सोडून देतं. दुसऱ्या घरासाठी लिहिलेल्या असतात, तुमच्याकडे काय करतील सांगता येत नाही, जपून वापरा, असं त्याच्या माहितीपानावर स्पष्ट लिहिलंय. त्या पानाची प्रिंट मी दरवर्षी पोरांना वाटायचो.

तरीही स्क्रिप्टसकट घे म्हणायची सोय असते. मी तसं सांगितलं. रूटचा, म्हणजे मशिनच्या मालकाचा, पासवर्ड टाकला. हरेश विचारत होते की स्पीकर आपल्याकडचे आणू की मांडववाल्याचे घेऊ. मी म्हणालो, "मांडववाल्याचे मोठे असतात." आणि एंटर दाबलं.

जुनी डिस्क आवाज करायची. ती चारपाच सेकंद कुरकुरली. मी बोलणं सोडून पडद्याकडे वळलो, कारण मांडणी करायला डिस्क इतकी हलत नाही.

ती स्क्रिप्ट मी नंतर वाचली. आधी वाचायला हवी होती; जेमतेम वीस ओळींची होती. तिचं म्हणणं साधं होतं. गानपेटी या मशिनवर आधीपासून आहे का, ते ती फेडोराच्या वहीत, म्हणजे बसवलेल्या प्रोग्रामांच्या नोंदीत, बघायची. नाव असेल तर गाण्यांना हात लावायचा नाही. नाव नसेल तर हे नवं घर. फोल्डरमध्ये काही अर्धवट पडलं असेल ते साफ करून कोरं करायचं. फेडोरावर यात काही वावगं नव्हतं. उबुंटूवर ती वही कोरीच असते. स्क्रिप्टने पाहिलं, नाव नाही. मग झाडू घेतला. आणि मी झाडूच्या पुढ्यातच ती डिस्क आणून ठेवली होती, पूर्ण लिहिण्यापुसण्याच्या परवानगीने.

गानपेटी व्यवस्थित उघडली. सुंदर दिसत होती. यादीत काही नव्हतं.

"झाला का?" हरेशनी विचारलं.

"थोडं राहिलंय," मी म्हणालो. "उद्या कळवतो." ते निघाले. जिन्यात कुणाला तरी फोनवर सांगत होते, झालंय म्हणून, मास्तरनी लावलंय.

एक कॉपी काढून ठेवली असती तर कुठला देव रागावला असता? मी स्वतःची समजूत घालून पाहिली की मावशींनी वाटू नको म्हटलं होतं, म्हणून मी चार वर्षांत दुसरी प्रत केली नाही. ते खरंच आहे. पण त्या दुपारी कॉपी न काढण्याचं कारण ते नव्हतं. मला वाटलं, मला येतं. एवढंच कारण.

शुक्रवारी मी ती डिस्क घेऊन वाशीला एका ओळखीच्याकडे गेलो. पुसलेलं परत काढायचा त्याचा धंदाच होता. दिवसभर त्याची मशिनं चालली. क्लासाचे जुने फोटो निघाले, कुणाचा तरी बायोडेटा निघाला, एक अर्धवट पिक्चर निघाला. धवले निघाले नाहीत. गाणी, फोटो, पत्रं यांची ठेवण सगळ्या हत्यारांना ओळखू येते. गानपेटीची ठेवण जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. शेवटी काही तुकडे हाताने जुळवून त्याने माझ्या कानाला हेडफोन लावला. खरखर, मग एका बाईचा आवाज, श्वास घेतल्यासारखा, आणि पुन्हा खरखर. दोन सेकंदही नसेल.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

मी हेडफोन काढला आणि डिस्क पुन्हा फडक्यात गुंडाळली. मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायची लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी गावात गेलो. मांडव उभा राहिला होता, केळीचे खांब बांधून झाले होते, एका बाजूला बायका तांदूळ निवडत होत्या. हरेशना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. स्क्रिप्ट, वही, झाडू. त्यांनी शांतपणे ऐकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे माल गेला," ते म्हणाले.

"गेला."

"चुकीच्या यार्डान."

"हो."

त्यांनी मांडवाची एक सुटलेली दोरी आवळून बांधली. "दिपीला मी सांगतो. आईला तुमीच सांगा. मना नाय जमनार."

भामामावशी आतल्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. नवीन नऊवारी नेसवलेली, केस विंचरलेले. मला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसलो आणि सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं, हळू सांगितलं, दोनदा सांगितलं. मावशी, पेटीतलं सगळं पुसलं गेलं. माझ्या हातून गेलं. आता परत येणार नाही. मला माफ करा.

त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "बरा हाय," त्या म्हणाल्या. मऊ आवाजात म्हणाल्या. आणि मी, हे लिहितानाही लाज वाटते, मी सुटलो. माफी मिळाली असं धरून चाललो. घरी जाऊन दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

रविवारी हरेशनी मला मांडवातल्या माइकवर बसवलं. मला काही काम देण्यासाठीच ते केलं असावं. मांडववाल्याचे मोठे स्पीकर दोन्ही बाजूंना लावले होते. भटजी आपल्या तयारीला लागले. मावशींची खुर्ची अगदी पुढे, नवरीच्या पाटाशेजारी आणली होती आणि त्यांच्या पायाशी सातआठ बायका बसल्या होत्या. या बायका धवलारणीची ओळ उचलतात. ती एक ओळ म्हणते आणि थांबते. या ती परत म्हणतात. मग ती पुढची देते. त्यातली शांती नावाची बाई तीस वर्षं मावशींच्या मागे म्हणत आली होती. आदल्या दिवशी मी तिला आशेने विचारलं होतं, तुम्हाला येत असेल ना? ती म्हणाली, "ती देल तवा येतं. ती नाय देल तं काय उचलू?"

दिपिकाला पाटावर बसवलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. भटजी पळीपंचपात्र मांडत होते, तेवढ्यात मावशींनी डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली आणि तोंड उघडलं.

चाल आली. बिनचूक, उंच, जुन्या ताकदीची. मी माइक धरून होतो, तो मी नकळत त्यांच्यापुढे नेला आणि तो आवाज स्पीकरमधून सगळ्या गावावर गेला. जेवणाच्या पंगतीतली माणसं उठून उभी राहिली. हरेश धावत आले. शब्द मात्र नव्हते. नुसते स्वर, आणि मधेच जीभ अडखळल्यासारखा काहीतरी चुरा. ओळ संपली तशा मावशी थांबल्या. बायकांकडे पाहिलं.

बायका गप्प.

जेवढा वेळ ओळ परत म्हणायला लागतो तेवढा वेळ मावशी थांबल्या, मग दुसरी ओळ दिली. पुन्हा थांबल्या. त्यांच्या मनात शब्द निघत होते, हे आम्हाला त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. त्या प्रत्येक शब्द म्हणत होत्या. आणि या बाया उचलत का नाहीत, हे त्यांना कळत नव्हतं. तिसऱ्या ओळीला त्या रागावल्या. शांतीने धीर करून तोंडाला येईल ते, नुसतं हुंकारासारखं म्हणून पाहिलं. मावशींनी जोरात मान हलवली: चुकलं. शांतीने पदर तोंडात धरला. दिपिका मान खाली घालून रडत होती आणि करवल्या तिचे डोळे टिपत होत्या, काजळ पसरू नये म्हणून.

सहाव्या ओळीला मावशी आपल्या आपणच थांबल्या. दमल्या होत्या. त्यांनी मांडवभर नजर फिरवली, जणू कुणाला शोधत होत्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. माइक, ॲम्प्लिफायर, स्पीकर, सगळं नीट पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्या हसल्या.

त्यांनी डावा हात माझ्याकडे केला आणि हवेत एक बोट खाली दाबून दाखवलं. लाव.

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं, मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा बोट दाबून दाखवलं.